जाकिटांच्या कप्प्याचं दार

१

बुडालेल्या होडीत दोनच वस्तू कोरड्या निघाल्या, आणि त्या दोन्ही जीव वाचवायची जाकिटं होती.

मी तिथं होतो. हा भोंगेवाला सगळीकडे असतो असं आमच्या धक्क्यावर म्हणतात, आणि जिथं नसतो तिथलंही डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो असंही म्हणतात. खाडीवर धुकं उतरलं की बोटींसाठी भोंगा वाजवायचा, ही माझी जन्माची नोकरी. एकदा तर माझा भोंगा ऐकून धुकंच घाबरलं आणि शेपूट घालून समुद्रात परत गेलं. विश्वास ठेवू नका, माझी हरकत नाही. पण आता जे सांगतोय त्याला तिखटमीठ लावलेलं नाही. लावावंसंच वाटत नाही.

होडी कप्तानाची. कप्तान कसला! तीन बाकांच्या होडीपेक्षा मोठं काही त्यानं आयुष्यात हाकललं नव्हतं. पण धक्क्यावर चालायचा असा, की मागे आरमार उभं आहे. आदल्या दुपारी आभाळ एकाएकी फिरलं, वारा सुटला, आणि कप्तान एकटाच पाण्यावर होता. सकाळी त्याचं प्रेत पलीकडच्या वाळूवर सापडलं. होडी काठोकाठ पाण्यानं भरून, नुसत्या कडा वर ठेवून तरंगत होती.

आम्ही ती उतारावर ओढून घेतली. बंदर कार्यालयातून तपासनीस बाई आल्या होत्या. ठेंगणी बाई, गळ्यात दोन चष्मे, तिसरा डोक्यावर, आणि रंगाच्या वासानं सारख्या शिंका. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली आणि मधल्या बाकापाशी खाली बसल्या.

त्या होडीच्या तिन्ही बाकांखाली बंद पेट्यांसारखी जागा होती. आजवर ती वायाच जायची. जाकिटं पायांखाली तुडवली जायची, दोऱ्या भिजायच्या, डबा कलंडायचा. म्हणून कप्तानाच्या जावयानं अलीकडेच तिन्ही बाकांच्या पुढच्या फळीला चौकोन कापून त्यांना दारं बसवली होती. पुढच्या कप्प्यात जेवणाचा डबा, मागच्यात दोऱ्या आणि पाणी उपसायची बादली, मधल्यात जाकिटं. झकास काम होतं. कप्तानाची नडगी कशातही अडकायची, म्हणून दारं फळीच्या अंगाबरोबर, चौकटीच्या आत बसवलेली. वरून हात फिरवला तर बिजागरी आणि दार अडकवायची फिरती खिटी यांखेरीज काही बोटाला लागू नये.

पुढचं आणि मागचं दार उघडं लोंबत होतं. मधलं बंद होतं.

"खिटी बघा," बाई म्हणाल्या.

खिटी फिरवलेली होती. म्हणजे कप्तानानं कुलूप काढल्यासारखं दार मोकळं केलं होतं. तरीही दार चौकटीत जसंच्या तसं. आणि वरच्या कडेला, दार नि चौकट यांच्यामधल्या रेषेत, चाकूचं मोडलेलं टोक रुतून बसलं होतं.

कोणीतरी पहार आणली. दार कडकड आवाज करत निघालं. आत नारिंगी जाकिटं होती, घडीसुद्धा न मोडलेली. बाईंनी हात आत घातला आणि तळवा आमच्यापुढे धरला. कोरडा ठणठणीत.

कप्तानाची लेक माझ्या शेजारी उभी होती. सकाळपासून ती रडली नव्हती. तिनं ती जाकिटं पाहिली, चाकूचं टोक पाहिलं, मग नवऱ्याकडे वळून इतक्या हळू बोलली की मला माझ्या बहिऱ्या कानाला दोष द्यावासा वाटला.

"तू बसवलेलं दार," ती म्हणाली. "बाबा उघडायला बघत होते, आणि तू ते इतकं घट्ट बसवलंस."

जावई दाराच्या कडेकडे बघत राहिला. ती तशीच चालत आईच्या घरी गेली आणि नवऱ्याच्या घरी परतली नाही.

२

धक्क्यावर बातमीला पाय लागत नाहीत, पंख फुटतात. संध्याकाळच्या आत तिघांनी मला तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. एकीत जावयानं दाराला आतून सरस लावला होता. दुसरीत त्याला सासऱ्याची शेड हवी होती. तिसरी मी सांगत नाही, कारण ती मीच सुरू केली होती आणि नंतर मला तिची लाज वाटली.

तपासनीस बाईंनी चौकशीला माझी खोली मागितली. धक्क्यावर चार खुर्च्या एकत्र फक्त माझ्याकडेच. मी चहा करायच्या निमित्तानं कोपऱ्यात राहिलो, आणि त्यांनी मला बाहेर काढलं नाही.

पहिला जावई आला. गावातल्या होड्यांचं सुतारकाम तो करायचा. मोठे हात, थोडं बोलणं. हात मांडीवर ठेवून बसला, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि त्याला नुसते सांभाळायला दिलेत.

"दार मी बसवलं," बाईंनी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "घट्ट झालं. माझी चूक आहे. लिहून घ्या."

"लिहिलं तर होड्यांचं काम करायचा परवाना जाईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि बायको माघारी येणार नाही, तेही?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं. तिथून कप्तानाचं घर दिसत नव्हतं, पण त्याला दिसत असावं.

"दाराभोवती फट किती ठेवली होतीत?" बाईंनी विचारलं.

त्यानं मांडीवरचे हात उलटे केले.

"सुतार फट ठेवतोच. लाकूड फुगतं. तुम्ही किती ठेवली?"

"विसरलो असेन ठेवायची."

"आणि रंग? दारांना हिरवा रंग कोणी दिला?"

आता तो पटकन बोलला. फार पटकन. "मीच दिला."

मला राहवलं नाही. "अरे हो, कप्तानही तेच म्हणाला होता! तापातून उठून पहिल्यांदा होडीवर आला ना, तेव्हा मला म्हणाला, जावयानं दारं केली ती केली, वर रंग काय गुळगुळीत दिलाय बघ. पोरगं बोलत नाही पण काम बोलतं. असं म्हणाला बरं का. शपथ."

जावयानं मान वर केली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मी चहा सांडला.

"मला कधी म्हणाले नाहीत," तो म्हणाला.

"तुझ्या तोंडावर म्हणाला असता तर तो कप्तान कसला!"

तो उठला आणि न विचारताच बाहेर पडला. बाईंनी एक चष्मा काढून दुसरा चढवला.

"भोंगेवाले, तुम्ही याची शेड पाहिली आहे?"

"रोज बघतो."

"मी सकाळी पाहिली. तिथं दुरुस्तीला आलेल्या दोन होड्या आहेत. दोन्हींना त्यानंच दारं केलीत. दाराचा दर्शनी भाग रंगवलेला आणि कड कोरी, नुसतं तेल पाजलेलं. कडेला रंग दिला की फट भरते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि कप्तानाच्या दाराच्या कडा बघा, चहूबाजूंनी हिरव्या आहेत." त्यांनी शिंकून नाक पुसलं. "या माणसानं ती दारं रंगवलेलीच नाहीत. तो खोटं बोलतोय. खोटं बोलून माणूस सुटायला बघतो. हा अडकायला बघतोय."

३

दुसरा आला पाणबुड्या. त्याला हे नाव पडलं कारण त्याला पोहता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यातही तो देवाचं नाव घेतो. कप्तानाचा जुना मित्र. उभं आयुष्य होड्यांच्या फटी बुजवण्यात गेलं. फळीफळीच्या मध्ये काथ्या ठोकायचा आणि वरून लेप. तोंडात सदा विझलेली नाहीतर विझत आलेली विडी.

"भोंग्या, चहा आहे की गटाराचं पाणी?" खुर्चीत बसता बसता तो म्हणाला.

"तुझ्यासाठी गटाराचं. बाईंना चहा."

"कप्तान असता तर तुझ्या डोक्यावर ओतला असता." आणि त्याचा चेहरा एकदम पडला.

बाईंनी मग हळूच विचारलं, "जावयाचं काम कसं होतं, तुमच्या मते?"

"उत्तम! उगाच त्या पोराला दोष देतात लोक. दार काही घट्टबिट्ट नव्हतं हो. चांगली फट होती सगळीकडून, माझ्या करंगळीचं नख जाईल एवढी."

बाईंचा कप ओठांपाशी थांबला.

"नख घालून पाहिलंत?"

"पाहिलं की."

"कधी?"

आता पाणबुड्याच्या लक्षात आलं. त्यानं विडी तोंडातून काढली, राख झटकली, ती त्याच्याच गुडघ्यावर पडली.

"कप्तान अंथरुणाला होता ना," तो म्हणाला. "ताप डोक्यात चढला होता. मी बघायला गेलो, तो झोपलेला. म्हणून मागच्या शेडमध्ये होडीपाशी गेलो. म्हटलं, बघावी दारं. तर ही फट. बाई, मला फट बघवत नाही. तुमच्या या खोलीच्या दाराखालीसुद्धा आहे, मघापासून तिच्यावरच डोळा आहे माझा. हिरव्या रंगाचा डबा तिथं होता, ब्रश होता. म्हटलं कप्तान बरा होऊन उठेल, बघेल, खूश होईल. कड भरून दिला एक हात. कडेत चांगला दाबून."

"त्याला सांगितलंत?"

"सांगतो होय! माझ्या होडीला हात लावलास म्हणून बोंब मारली असती. त्याच्या होडीला परक्यानं हात लावलेला खपायचा नाही." त्यानं विडीकडे पाहिलं. "दाबून भरला मी. म्हणजे मीच..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "एका हातानं एवढं झालं नसतं."

त्यांनी पाकिटातून हिरव्या रंगाची एक ढलपी काढली. मधल्या दाराच्या कडेवरून काढलेली. ती त्यांनी ब्लेडनं तिरपी कापली होती. भिंगाखाली माझ्यापुढे धरली. मी पाहिलं.

रंग एकच होता, हिरवा. पण आत कांद्यासारखे पापुद्रे होते. मधल्या पापुद्र्यात विडीच्या राखेचे करडे कण. आणि त्याच्याही खाली, सगळ्यात आतल्या पापुद्र्यात, एक पांढरा तंतू अडकला होता. केसाहूनही बारीक.

"कोंबडीचं पीस," बाई म्हणाल्या.

आमच्या धक्क्यावर कोंबड्या एकाच घरी आहेत.

४

कप्तानीण वहिनी परसात खुराड्यापाशी बसल्या होत्या. कोंबड्या त्यांच्या मांडीवर चढत होत्या, उतरत होत्या, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. आम्ही गेलो तशी त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. लेक आत होती. दाराआडून भांड्यांचा आवाज येत होता.

बाईंनी वळसे घेतले नाहीत. "वहिनी, होडीच्या दारांना रंग तुम्ही दिलात?"

वहिनींनी मान हलवली. लपवायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"ते तापले त्याच्या पहिल्याच दुपारी. सारखे बडबडत होते, माझी दारं कोरी राहिली, पाणी शोषतील म्हणून. झोपले तशी मी गेले. खुराडं रंगवते तसा दिला. जाड, सगळीकडून. त्यांना नाही सांगितलं. उठतील, बघतील, विचारतील कोणी दिला, मग सांगेन असं होतं मनात." त्यांनी मांडीवरची कोंबडी खाली ठेवली. "पण त्यांनी मला विचारलंच नाही. जावईबापूंनी दिला असं स्वतःच ठरवून मोकळे झाले. आणि इतके खूश होते त्यांच्यावर, की मी म्हटलं, राहू दे. आयुष्यात एकदा तरी जावयाचं कौतुक करतायत, कशाला मोडू?"

मला तिथं बसवेना. मी घरामागच्या शेडमध्ये गेलो. बाई मागून आल्या.

रंगाचा डबा फळीवर होता. बाईंनी झाकण उचकटलं, शिंकल्या, आत पाहिलं. तळाला नखभर रंग उरला होता.

"एवढा मोठा डबा," त्या म्हणाल्या. "दारं हातभर लांबीची. रंगाच्या दोन हातांत डबा संपत नाही, वहिनींनी कितीही जाड दिला तरी. आणि अजून एक. वहिनींचा हात जाड, मित्राचा दाबून भरलेला. मग वरून दार एवढं गुळगुळीत कसं? कप्तानानं कौतुक केलं ते त्या गुळगुळीतपणाचं. ब्रशची रेघ दिसत नाही. कोपऱ्यावरून रंग असा वळवलाय की थेंब कुठं ओघळलेला नाही."

"मग कोणी दिला?" मी विचारलं.

बाईंनी बाहेर बोट दाखवलं. शेडच्या दारातून रस्ता दिसत होता. तिथं शिंप्याच्या दुकानाची पाटी होती, त्यापुढे औषधवाल्याची, मग शाळेची. गुळगुळीत, कोपरे वळवलेल्या, ओघळ नसलेल्या. आमच्या गावातली प्रत्येक पाटी एकाच हातानं रंगवलेली आहे. पाट्या रंगवणं हाच कप्तानाच्या लेकीचा धंदा.

"पाटीवाले कड आधी रंगवतात," बाई म्हणाल्या. "कड कोरी राहिली तर पाऊस तिथूनच आत शिरतो, फळी कुजते. तिनं जे केलं ते तिच्या कामात अगदी बरोबर आहे."

"आणि जावयाला..."

"पहिल्या मिनिटापासून ठाऊक आहे. होडी ओढून आणली तेव्हा तो कडेकडे बघत होता, दाराकडे नाही."

आम्ही बाहेर आलो तर तो शेडच्या कोपऱ्यावरच उभा होता. सगळं ऐकलं असणार. बाईंचा रस्ता अडवून तो उभा राहिला, पण डोळे खाली.

"बाई, माझं नाव लिहा," तो म्हणाला. "परवाना जाऊ दे. दुसरं सुतारकाम मिळेल मला, दारं-खिडक्या करीन. तिला नका सांगू."

"ती तुमच्याकडे परत येणार नाही."

"नाही आली तरी चालेल," तो म्हणाला. "पण ती जगली पाहिजे ना."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत चार खुर्च्यांवर चौघं बसली. बाई टेबलाशी उभ्या, मी स्टोव्हजवळ. लेक दाराच्या सगळ्यात जवळ बसली होती, नवऱ्याकडे पाठ करून.

बाईंनी तिघांच्या वेगवेगळ्या गोष्टी एकीत ओवल्या. आवाज चढवला नाही.

"सुतारानं फट बरोबर ठेवली होती. पाणबुड्यांनी नख घालून पाहिली. तेव्हा खाली रंगाचा एक हात आधीच होता, तरी नख गेलं. म्हणजे दार घट्ट बसवलेलं नव्हतं. फट भरली ती रंगानं. एकाच रंगाचे हात एकावर एक बसले, आणि आपल्याआधी कितीजणांनी हात दिलाय हे देणाऱ्याला ठाऊक नव्हतं. रंग तोच असल्यामुळे कोणाला संशय आला नाही."

लेकीची पाठ ताठ झाली.

"पण मग तिन्ही दारं चिकटायला हवी होती," पाणबुड्या पुटपुटला. "रंग तर तिन्हींना दिला."

"पुढचं दार कप्तान रोज उघडायचे, डब्यासाठी. मागचं बादलीसाठी. रंग नवा होता तेव्हाच त्यांनी ती ओढून उघडली. त्या दोन्हींच्या कडांवर रंग फाटलेला आहे, मी पाहिलाय. मधलं दार कोणी उघडलंच नाही. जाकीट रोज कोण काढतं? ते तसंच बंद राहिलं, आणि उन्हात रंग दगडासारखा धरला. गरज पडली त्या दुपारी ते पहिल्यांदा ओढलं गेलं."

मी चहासाठी स्टोव्ह पेटवला.

"कोणाचे हात?" लेकीनं विचारलं. अजून वळली नव्हती.

"माझा," वहिनी म्हणाल्या. "शेवटचा माझाच. जाड देते मी, तुला माहीत आहे."

"काहीतरीच काय, वहिनी!" पाणबुड्या उसळला. "शेवटचा माझा. मी तर दाबून भरला. बाई, माझा लिहा. मला पुढेमागे कोणी नाही, माझं काय जातंय."

"तुम्ही मधले," वहिनी त्याच्यावर ओरडल्या. नवरा गेल्यापासून त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी नंतर पुन्हा दिला. दोनदा दिला मी. झालं समाधान?"

"तू एकदाच दिलास, आई," लेक म्हणाली. आणि मग ती वळली. "खोटं बोलता येत नाही तुला. तुम्हालाही नाही, काका."

बाईंनी ढलपीचं पाकीट मुठीत बंद केलं. "रंग एकच आहे," त्या म्हणाल्या. "क्रम मी लिहायलाच पाहिजे असं नाही."

एवढ्या कडक बाईच्या तोंडून ही मऊ थाप निघाली, तेव्हा मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. थापांची पारख मला आहे. ही मनापासून मारलेली होती आणि म्हणूनच कच्ची होती.

"मला क्रम माहीत आहे," लेक म्हणाली. "बाबा तापात होते, उठले की खूश होतील म्हणून मीही गेले. खालचा रंग ब्रशला चिकटत होता. ओढत होता. मी थांबले होते क्षणभर. मग वाटलं, दमट हवा आहे, म्हणून असेल. आणि कड वळवली." तिनं आपली बोटं पाहिली. नखांच्या मुळाशी कुठल्यातरी पाटीचा निळा रंग होता. "मी रोज रंग देते. ओला रंग मला कळत नाही असं होईल का?"

वहिनी उठून तिच्याकडे जाऊ लागल्या, पण तिनं हात वर केला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"तू ओळखलंस. त्याच दिवशी."

जावयानं मान हलवली. "कोपरा पाहिला. तसा कोपरा दुसरं कोणी वळवत नाही."

"मग मला का बोलू दिलंस? सगळ्यांसमोर. मी काय काय बोलले तुला. लोक काय काय बोलले."

"तुला रागवायला कोणीतरी हवं होतं," तो म्हणाला. "मी होतोच घरात."

पाणबुड्यानं तोंड फिरवलं आणि माझ्या दाराखालच्या फटीकडे बघायला लागला. मी स्टोव्ह बंद केला. बंद केल्यावर कळलं की चहा टाकायचाच राहिला होता.

लेक उठून नवऱ्यासमोर उभी राहिली. जवळ नाही, सुतार आणि गिऱ्हाईक उभे राहतात तेवढ्या अंतरावर.

"खरं सांग," ती म्हणाली. "आता तरी. आईच्या एका हातावर दार उघडलं असतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. होडी वर काढल्यापासून न चुकता खोटं बोललेला माणूस. मला वाटलं, अजून एक बोलेल. मी त्याच्या जागी असतो तर दहा बोललो असतो.

"सहज," तो म्हणाला.

"काकांच्या हातानंतर?"

"जोर लावून. पण उघडलं असतं."

तिसरा प्रश्न तिनं विचारला नाही. बाहेर एक बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, कोणीतरी कोणालातरी पिशवी नीट धर म्हणून ओरडलं.

मग तिनं बाईंना सांगितलं, "लिहा. तिघांचीही नावं, क्रमानं." बाईंनी लिहिलं. तो अपघात होता असंही लिहिलं, आणि सुताराच्या कामात दोष नव्हता असंही. लेकीनं सही केली. तिची सही तिच्या पाट्यांसारखीच स्वच्छ होती. सही झाल्यावर मात्र तिला पेन खाली ठेवता येईना. बोटं वळलेलीच राहिली. जावयानं पुढे होऊन तिच्या मुठीतून एकेक बोट सोडवलं, पेन टेबलावर ठेवलं आणि ती मूठ आपल्या हातात धरून ठेवली.

आणि मग ती रडायला लागली, पहिल्यांदा, बाप गेल्यापासून पहिल्यांदा. आम्ही बाकीचे एकेक करून बाहेर निघालो. वहिनी शेवटी आल्या आणि माझ्या खोलीचं दार त्यांनी बाहेरून हळूच ओढून घेतलं.